पेनांगची लढाई आणि ‘पळपुटी’ फ्रेंच विनाशिका : एका फिरत्या मजकुराला उत्तर

पहिल्या महायुद्धातल्या एम्डेन या जर्मन क्रूझरचं (म्हणजे वेगवान, मध्यम आकाराच्या युद्धनौकेचं) नाव आपल्याकडे नवं नाही. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवून दिल्या. म्हणूनच की काय, तिच्याबद्दल काहीही लिहिलं तरी ते भराभर पुढे ढकललं जातं. सध्या जो मजकूर फिरतो आहे तो २८ ऑक्टोबर १९१४ च्या पेनांगच्या (मलायाच्या किनाऱ्याजवळचं, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातलं बंदर) लढाईचा. त्याचं सार असं : ‘मूस्के’ ही आधुनिक फ्रेंच विनाशिका एम्डेनपेक्षा वेगवान होती, तिच्यावर टॉर्पेडो (पाण्याखालून धावत जाऊन फुटणारी अस्त्रं) होते, एक लागला असता तर एम्डेन तिथेच संपली असती. पण फ्रेंच खलाशी शहरात मौज करत होते, जे बोटीवर होते त्यांनी एकही गोळा न झाडता पळ काढला, बंदरातली बाकीची फ्रेंच जहाजं बघत बसली, आणि एम्डेनने बुडणाऱ्यांना तसंच सोडून दिलं. वर शेपूट म्हणून हेही आहे की तो सगळा वर्गच भंगार होता, आणि मद्रासनंतर मुंबईवरही गोळे पडले होते.

यातलं एकेक घेऊ. सगळं खोटं नाही. काही अर्धवट आहे, काही एका जहाजाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारलेलं आहे.

‘आधुनिक विनाशिका’

सगळा घोळ इथून सुरू होतो. विनाशिका म्हटल्यावर आज मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस मुंबई येते : १६३ मीटर लांब, साडेसहा हजार टनांच्या वर. मूस्के होती सुमारे तीनशे टनांची. लांबी साठ मीटरांहून कमी, रुंदी सव्वासहा मीटरांच्या आसपास. मधोमध उभं राहिलं तर दोन्ही बाजूंचं पाणी चार-पाच पावलांवर.

ती ‘आर्कब्यूझ’ वर्गातली. या वर्गात एकंदर २० बोटी झाल्या, आणि त्यांना शस्त्रांची नावं दिली होती : आर्क म्हणजे धनुष्य, साब्र म्हणजे तलवार, मूस्के म्हणजे जुनी ठासणीची बंदूक, पिस्तोले म्हणजे पिस्तूल. मूस्केचं जलावतरण १९०२ चं. म्हणजे पेनांगच्या दिवशी ती बारा वर्षांची होती, आणि त्या काळात बारा वर्षं म्हणजे दोन पिढ्या. मधल्या काळात टर्बाइन आलं, तेलावरचे बॉयलर आले, फ्रान्सच्याच नव्या ‘बूक्लिए’ वर्गाच्या बोटी तिच्या दुपटीहून मोठ्या झाल्या आणि त्यांवर १०० मिलिमीटरच्या तोफा चढल्या.

मूस्केवर काय होतं? पुढच्या बाजूला ६५ मिलिमीटरची एक तोफ, दोन्ही कडांना मिळून ४७ मिलिमीटरच्या सहा, आणि डेकवर फिरत्या बैठकीच्या दोन टॉर्पेडो नळ्या, ३८१ मिलिमीटरच्या. एक धुराड्यांच्या मध्ये, दुसरी पार मागे. इंजिनं दोन, उभ्या बांधणीची तिहेरी प्रसरणाची (तीच वाफ तीन टप्प्यांत वापरणारी), बॉयलर दोन, पाण्याच्या नळ्यांचे, इंधन कोळसा. चिलखत नाही. अशा बोटीचा पत्रा काही मिलिमीटरचाच असतो, तोफेचा गोळा सोडाच, त्याची उडालेली कपचीही आत जाऊ शकते.

हा आकार कुणाच्या कद्रूपणातून आला नव्हता. १८९९ च्या ‘द्युरांदाल’पासून फ्रान्सने या तीनशे-टनी घराण्याच्या एकूण ५५ बोटी बांधल्या. त्यांचं पहिलं काम शत्रूच्या छोट्या टॉर्पेडो बोटींना आपल्या मोठ्या जहाजांजवळ फिरकू न देणं, आणि दुसरं काम संधी मिळाली तर अंधारात स्वतःच टॉर्पेडो सोडणं. पन्नास-शंभर टनांच्या बोटीला थोपवायला ४७ मिलिमीटरचा दीड किलोचा गोळा पुरत असे. क्रूझरशी दिवसाउजेडी समोरासमोर भिडणं त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतंच.

समोर होती एम्डेन : ३,६०० टनांच्या वर, १०.५ सेंटिमीटरच्या दहा तोफा, त्यांपुढे ५० मिलिमीटर जाडीच्या ढाली, आत चिलखती डेक. एका बाजूने तिच्या पाच तोफा एकदम चालत. गोळा सुमारे १६ किलोचा धरला तर एका फैरीत ८० किलो. मूस्केने बाजू फिरवून सगळं झोकलं तरी ६५ ची एक आणि ४७ च्या तीन, म्हणजे चार अधिक साडेचार, साडेआठ किलो. नाक समोर ठेवून चाल केली तर त्याहूनही कमी. एकास नऊ-दहा हे प्रमाण आहे, आणि त्यात पल्ल्याचा फरक अजून धरलेलाच नाही.

‘२८ नॉट वेग होता, एम्डेनचा फक्त २४’

दोन्ही आकडे कागदावर बरोबर आहेत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). २८ नॉट हा करारातला वेग होता, आणि चाचणीत या बोटींनी तो ओलांडलाही. पण चाचणी कशी होत असे ते पाहा. बोट नवी, तळ स्वच्छ, वजन कमीत कमी, कोळसा निवडून घेतलेला, भट्टीवर कसलेले आगवाले, पंख्याने जोराची हवा, आणि सगळा खेळ काही तासांचा. त्या आकड्यावर बारा वर्षांनी मलाक्काच्या सामुद्रधुनीत हिशेब मांडणं चूक आहे.

उष्ण कटिबंधात दोन गोष्टी लगेच नडतात. समुद्राचं पाणी २९-३० अंशांचं असलं की कंडेन्सरमधली (वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातली) निर्वात कमी होते आणि त्याच वाफेतून कमी ताकद निघते. दुसरं, तळाला शेवाळ आणि कालवं झपाट्याने धरतात. ही अडचण दोन्ही पक्षांना होती. एम्डेनने तर त्याच महिन्यात, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दिएगो गार्सियाला थांबून जहाज एका अंगावर कलतं करून तळाचा वरचा भाग खरवडून घेतला होता. (त्या बेटावर युद्ध सुरू झाल्याची बातमीच पोचलेली नव्हती, हे वेगळंच.)

याहून महत्त्वाची गोष्ट कोळशाची. जहाजाचा वेग वाढवायचा तर लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दहा नॉटवरून २८ वर जायचं म्हणजे वेग २.८ पट, ताकद सुमारे २२ पट. या वर्गाचा पल्ला १० नॉटला २,३०० सागरी मैल सांगितला जातो, म्हणजे साडेनऊ दिवस. पण पूर्ण ६,३०० अश्वशक्ती काढायची तर दर अश्वशक्तीला तासाला किलोभर कोळसा धरूनही तासाला सहा टनांच्या वर जळतो. तो सगळा फावड्याने, हाताने टाकायचा. एवढ्याशा बोटीच्या कोठारात हा खेळ काही तासांच्या वर चालत नाही.

म्हणून रात्रभर गस्त घालणारी अशी बोट पूर्ण दाबाने फिरत नाही. आग दाबून ठेवलेली असते, आठ-दहा नॉटपुरती वाफ चालू असते. तिथून पूर्ण वेगावर जायचं तर जाळीवरची खरड काढा, निखारा पसरवा, नवा कोळसा पातळ थरात टाका, हवेचे पंखे चढवा, दाब वर येऊ द्या. घाई केली तर थर जाड होतो, हवा अडते, दाब चढण्याऐवजी उतरतो आणि धुराड्यातून काळा धूर ओकला जातो. पाण्याच्या नळ्यांचे बॉयलर जुन्या गोल बॉयलरपेक्षा पुष्कळ लवकर तयार होतात हे खरं, पण ‘लवकर’ म्हणजे दोन मिनिटांत नव्हे. मूस्के त्या सकाळी रात्रीची गस्त संपवून परतत होती, आणि पहिल्या फैरीपासून बुडेपर्यंत सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम झालं.

‘एक टॉर्पेडो पुरला असता’

लागला असता तर, हो. पण तो लागावा यासाठी काय जमावं लागतं तेच या मजकुरात नाही.

त्या पिढीचे ३८१ मिलिमीटरचे टॉर्पेडो दाबलेल्या थंड हवेवर चालत. हवा तापवून पल्ला वाढवण्याची युक्ती नंतरची. त्यांची उपयोगी धाव फार तर हजार मीटर, बहुतेकदा त्याहून कमी. एम्डेनने गोळीबार सुरू केला तो साधारण चार हजार मीटरांवरून. म्हणजे मूस्केला निदान आठशे मीटरांपर्यंत यायचं तर ३,२०० मीटर पार करायचे.

आता हिशेब तिच्याच बाजूने झुकता धरू. समजा चमत्कार झाला आणि तिला पहिल्या क्षणापासून पूर्ण २८ नॉट मिळाले, म्हणजे सेकंदाला १४.४ मीटर. एम्डेन जागच्या जागी उभी राहिली तर ३,२०० मीटरांना पावणेचार मिनिटं लागतात. पाच तोफा मिनिटाला प्रत्येकी सहा गोळे या दराने चालल्या तर तेवढ्यात सुमारे ११० गोळे. बोटीला २० नॉटच मिळाले तर पाच मिनिटं आणि दीडशेच्या वर गोळे. त्यातले पाच-सात लागले तरी तीनशे टनांची बोट संपते, कारण तिच्या लांबीचा बराचसा भाग बॉयलर आणि इंजिनांनीच व्यापलेला असतो. कुठेही लागलं तरी वर्मावरच लागतं.

आणि एम्डेन उभी का राहील? तिने पाठ फिरवून २० नॉटने चालायला सुरुवात केली तर २८ नॉटच्या बोटीला दर सेकंदाला जेमतेम चार मीटर मिळतात. तेच ३,२०० मीटर कापायला तेरा मिनिटं. तेवढं करून मागून टॉर्पेडो सोडला तर तोही पाठलागच करणार : त्याचा वेग २७ नॉट धरला, तर हजार मीटर धावून तो पुढच्या जहाजाशी असलेलं अंतर फक्त २६० मीटरांनी कमी करतो आणि मग बुडतो.

शिवाय नळ्या कुठे होत्या ते आठवा. मध्ये आणि मागे. नाकात एकही नाही. म्हणजे चाल करून जाताना टॉर्पेडो सुटतच नाही. आधी बोट वळवायची, बाजू दाखवायची, नळी फिरवून रोखायची, आणि समोरच्या जहाजाचा वेग आणि दिशा डोळ्यांनी अंदाजून पुढचा कोन धरायचा. बोट वळली की तोफखान्याला साठ मीटर लांबीचं लक्ष्य मिळतं. सगळ्यात धोक्याच्या क्षणीच सगळ्यात मोठं व्हायचं, अशी ही रचना.

याचा पुरावा त्याच सकाळी बंदरात मिळाला होता. एम्डेनने रशियन क्रूझर ‘झेमचुग’वर टॉर्पेडो सोडला तो चारशे मीटरांच्या आतून, नांगरलेल्या, झोपलेल्या जहाजावर. तरीही एकाने भागलं नाही. तोफा चालवाव्या लागल्या आणि दुसरा टॉर्पेडो सोडावा लागला. जर्मन टॉर्पेडो ४५ सेंटिमीटरचे, म्हणजे मूस्केच्या टॉर्पेडोपेक्षा जाड, नवे आणि भारी.

आणि उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर अकरा दिवस मागे जा. १७ ऑक्टोबर १९१४ च्या रात्री त्सिंगताओ या चीनमधल्या जर्मन बंदरातून एस-९० ही जर्मन टॉर्पेडो बोट अंधारात बाहेर पडली. ती १८९९ ची, मूस्केहून जुनी, आणि पूर्ण भारासह चारशे टनांच्याही आत. तिने ‘ताकाचिहो’ हे जपानी क्रूझर बुडवलं. २७० हून अधिक माणसं गेली. ताकाचिहोवर सुरुंग भरलेले होते हे खरं, पण बोट जवळ पोचली ती रात्र होती म्हणून. बोटी एकाच जातीच्या, वर्षही तेच, महिनाही तोच; फरक उजेडाचा. सकाळच्या उन्हात तीच एस-९० चार किलोमीटरांवर एम्डेनसारख्या जहाजापुढे आली असती तर तिचीही मूस्के झाली असती.

‘एकही गोळा न झाडता पळ काढला’

झाडले. थोडे झाडले, आणि त्यांनी काही बिघडलं नाही, पण झाडले. एम्डेनच्या सुरुवातीच्या फैरींनंतर गोळे बॉयलरच्या भागात बसू लागले आणि वाफेचा व कोळशाच्या धुळीचा लोट उठला. जर्मन वृत्तांतानुसार मध्ये एकदा तोफा थांबवण्यात आल्या, समोरची बोट शरण येते का ते बघायला. निशाण उतरलं नाही, म्हणून पुन्हा गोळीबार सुरू झाला. बोट बुडाली ती निशाण फडकतं ठेवूनच, आणि तिचा कप्तान लेफ्टनंट तेर्वान तिच्याबरोबर गेला. मूस्के बेसावध सापडली हे मात्र खरं. बंदराकडे परतताना समोर मित्राचं जहाज नसून शत्रूचं आहे हे कळेपर्यंत पल्ला एम्डेनच्या सोयीचा झालेला होता. एम्डेनला तीन धुराडी; पेनांगला येताना तिने चौथं खोटं उभं केलं होतं, म्हणजे लांबून ती ‘यार्मथ’सारखी ब्रिटिश क्रूझर वाटावी. तोफा डागण्याआधी तिने जर्मन निशाण चढवलं, तो त्या काळचा रिवाज होता. वेशांतर चालत असे, खोट्या निशाणाखाली गोळी चालत नसे.

‘खलाशी शहरात मौज करत होते’

इथे जहाजांची अदलाबदल झाली आहे. किनाऱ्यावर हॉटेलात होता तो झेमचुगचा रशियन कप्तान, बॅरन चेर्कासोव्ह. त्याच्या जहाजावर पहारा ढिला होता, तोफांजवळ तयार ठेवलेला दारूगोळा अगदी थोडा होता, आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. पुढे त्याच्यावर आणि त्याच्या दुय्यम अधिकाऱ्यावर खटला चालून दोघांना शिक्षा झाली. हा सगळा प्रकार लाजिरवाणा आहे, पण तो रशियन नौदलाच्या खात्यावर जमा आहे. मूस्के त्या रात्री बंदरात नव्हतीच. ती बाहेर गस्तीवर होती.

मग एम्डेन तिच्या नजरेतून निसटून आत गेली कशी? हा प्रश्न खरा आहे आणि मजकुरात तो कुणी विचारलेला नाही! उत्तरातला मोठा भाग असा की रात्रीच्या अंधारात एवढ्या रुंद तोंडावर एक बोट पुरत नाही. तीनशे-टनी बोटीचा पूल, म्हणजे जिथून ती चालवतात तो मंच, पाण्यापासून फारसा उंच नसतो, दुर्बिणीला अंधारात धुराड्याची आकृती दिसायची, तीही फसवी. गस्तीचं काम नीट करायचं तर दोन-तीन बोटी, ठरलेली खूण-विचारणी, आणि उत्तर न देणाऱ्या जहाजाची बातमी बंदरात पोचवण्याची सोय लागते. दोष द्यायचाच तर बंदराच्या बंदोबस्ताला द्यावा, बोटीवरच्या माणसांना नव्हे.

‘बाकीची फ्रेंच जहाजं बघत बसली’

आत तीन होती : ‘दिबेरव्हील’ ही जुनी टॉर्पेडो गनबोट, आणि मूस्केच्याच वर्गातल्या ‘फ्रोंद’ व ‘पिस्तोले’. दिबेरव्हील आणि फ्रोंदने एम्डेनवर तोफा चालवल्या. नेम वाईट होता, पण बघत बसल्या असं नाही. लगेच निघून पाठलाग का केला नाही, याचं उत्तर वर कोळशाच्या हिशेबात आलंच आहे. बंदरात उभ्या असलेल्या बोटीचे बॉयलर थंड किंवा जेमतेम कोमट असतात. पाण्याच्या नळ्यांचा बॉयलर थंड असला तर त्यात वाफ धरायला तास-दीड तास हाताशी लागतो; त्याआधी घाईघाईने आग पेटवली तर नळ्यांचे सांधे गळतात आणि समुद्रात पोचण्याआधीच बोट लंगडी होते. एम्डेन आठच्या सुमारास निघाली तेव्हा या बोटी वाफच करत होत्या. त्यानंतर एक विनाशिका मागावर गेली आणि पावसाच्या सरीत एम्डेन दिसेनाशी झाली. गेली ते बरं की वाईट, यावर वाद घाला. तिने एम्डेनला गाठलं असतं तर काय झालं असतं, ते वरच्या आकड्यांवरून ज्याचं त्याने ठरवावं.

‘बुडणाऱ्यांना तसंच सोडलं’

हा दावा उलटाच आहे. एम्डेनने बोटी उतरवल्या आणि एक अधिकारी व ३५ खलाशी, असे ३६ जण पाण्यातून काढले, तेही शत्रूची बाकी जहाजं कधीही बाहेर येतील अशा वेळी. त्यातले तिघे जखमांनी गेले. त्यांना लष्करी मानाने समुद्रात मूठमाती दिली. ३० ऑक्टोबरला ‘न्यूबर्न’ नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज अडवलं, ते न बुडवता उरलेले फ्रेंच त्यावर चढवले आणि सुमात्राच्या टोकाला, तटस्थ डच हद्दीतल्या साबांगला पाठवून दिले. पुन्हा या युद्धात लढणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. एम्डेनचा कप्तान फॉन म्यूलर याच्या सभ्यपणाची कीर्ती शत्रूपक्षातही होती ती अशाच गोष्टींमुळे.

‘तो सगळा वर्गच भंगार’

भंगार म्हणायचं तर त्या काळच्या सगळ्याच आरमारांच्या विनाशिकांना म्हणावं लागेल. ब्रिटिशांच्या तीस नॉटवाल्या बोटी साडेतीनशे-चारशे टनांच्या, त्यांवर १२ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणारी) एक आणि ६ पौंडी पाच तोफा. जपानची ब्रिटनमधून बांधून आणलेली ‘इकाझुची’ जवळपास तीनशे टनांची. हा तेव्हाचा रूढ साचा होता. फ्रेंच बोटींचे दोष वेगळे आणि खरे आहेत. नाक कासवाच्या पाठीसारखं गोल आणि बुटकं, त्यामुळे समोरच्या लाटेत पुढची तोफ भिजत असे आणि तोफखान्याला उभं राहणं मुश्कील. त्यावर उपाय म्हणून डेकच्या वर उचललेली चालवाट, म्हणजे पाणी खालून निघून जावं. कल्पना चांगली, पण वर वजन चढलं. पुढच्या ‘क्लेमोर’ वर्गात ३८१ च्या जागी ४५० मिलिमीटरच्या नळ्या आल्या, हीच आधीच्या टॉर्पेडोबद्दलची फ्रेंच आरमाराची स्वतःची कबुली समजा.

अतिपूर्वेतली नोकरी तर या बोटींच्या मापाची नव्हतीच. यातली फ्रोंद १९०६ मध्ये हाँगकाँगच्या १८ सप्टेंबरच्या वादळात किनाऱ्यावर फेकली गेली होती. तिला पुन्हा तरतं करून कामाला लावलं, आणि आठ वर्षांनी तीच पेनांगला तोफा चालवत होती.

युद्धात या वर्गाच्या बोटी मुख्यतः गस्त आणि काफिल्यांची सोबत या कामी लागल्या. त्यांतल्या ‘कातापुल्त’चा शेवट वाचण्यासारखा आहे. मे १९१८ मध्ये ट्युनिशियाच्या बिझर्तजवळ काफिल्यात तिची ‘वॉरिमू’ नावाच्या ब्रिटिश आगबोटीशी टक्कर झाली. धडकेने बोटीवरचे पाणबुडीविरोधी बाँब सुटले, पाण्यात फुटले आणि दोन्ही जहाजांचे तळ फाटले. दोन्ही बुडाली. टकरीत नाक चेपलं तर बोट बहुधा तरते. डेकवर असे बाँब साठवलेली छोटी बोट धडकली की प्रकरण वेगळ्याच थराला जातं. वाचकांना वॉरिमू आठवत असेल : ३१ डिसेंबर १८९९ च्या मध्यरात्री विषुववृत्त आणि तारीखरेषा यांच्या छेदावर उभं राहून ‘एकाच वेळी दोन शतकांत’ असलेलं जहाज म्हणून दर नवीन वर्षाला जो मजकूर येतो, तेच हे. त्या मजकुराची तपासणी पुन्हा कधीतरी.

‘मुंबईवरही गोळे पडले’

नाही. एम्डेनने भारताच्या किनाऱ्यावर तोफा चालवल्या त्या मद्रासला, एकदाच. त्यानंतर ती पश्चिमेला मिनिकॉयच्या आसपास येऊन आगबोटी पकडत राहिली, मुंबईपर्यंत आली नाही. मुंबईशी तिचा खरा संबंध आहे तो ‘इंडस’ या आगबोटीपुरता. १० सप्टेंबरला बंगालच्या उपसागरात एम्डेनने जी पहिली ब्रिटिश आगबोट पकडली ती हीच. सैन्य आणि घोडे नेण्यासाठी सज्ज करून ती कलकत्त्याहून मुंबईला निघाली होती. एम्डेनवर साबण संपत आला होता आणि इंडसवर तो पेट्यांच्या पेट्या निघाला, असं जर्मन अधिकाऱ्यांनी नोंदवलं आहे. इंडस बुडवण्यात आली, आणि मुंबईत तिच्यावर चढायची वाट पाहणाऱ्या पलटणीला दुसरं जहाज बघावं लागलं.